सरळ उडणाऱ्या विमानाची लिफ्ट: उत्तर आधी, गणित नंतर

लिफ्ट म्हणजे विमानाला हवेत वर उचलून धरणारे बल. तिचे सूत्र पहिल्यांदा हातात पडले की बहुतेक जण एकाच वाटेने जातात. हवेची घनता शोधतात, वेग घेतात, पंखांचे क्षेत्रफळ मिळवतात आणि लिफ्ट गुणांकापाशी येऊन अडतात. हा आकडा आणायचा कुठून? मग कुठल्यातरी आलेखावरून ०.५ वगैरे उचलतात, गुणाकार करतात आणि आलेली लिफ्ट विमानाच्या वजनाशी ताडून बघतात. वजन निघते पावणेअकरा हजार न्यूटन आणि लिफ्ट तेरा हजार. आता विमान वर चालले आहे की काय? तसे काही नसते, उचललेला आकडा चुकलेला असतो.

मीही सुरुवातीला हेच केले, आणि बरेच दिवस मला वाटत होते की आपला आलेखच बरोबर नाही. खरी गोम वेगळी होती. विमान एकाच उंचीवर, एकाच वेगाने, पंख समतल ठेवून सरळ चालले असेल तर लिफ्ट शोधावी लागतच नाही. ती वजनाइतकी असते. सूत्र वापरायचे ते उलट्या दिशेने: लिफ्ट माहीत आहे असे धरायचे आणि जे माहीत नाही ते काढायचे. कधी तो लिफ्ट गुणांक असतो, कधी वेग, कधी उंची. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

सूत्र असे:

लिफ्ट = ½ × हवेची घनता × वेग² × पंखांचे क्षेत्रफळ × लिफ्ट गुणांक

लिफ्ट मुळात निर्माण का होते यावर लोक तासन्‌तास भांडतात. ते भांडण आपल्याला आज लागणार नाही. हिशेबाला वरची एक ओळ पुरते.

पायरी १: वजन न्यूटनमध्ये आणा

उदाहरणाला सेस्ना १७२ घेऊ. चार आसनांचे, एका इंजिनाचे, वर पंख असलेले हे विमान जगभरच्या प्रशिक्षण संस्थांत दिसते आणि त्याचे आकडे सहज मिळतात. माणसे आणि इंधन धरून ते १,१०० किलोग्रॅम भरले असे समजा.

किलोग्रॅम हे वस्तुमान झाले. लिफ्ट हे बल आहे, म्हणून वजनही बल म्हणूनच मांडावे लागते:

१,१०० × ९.८१ = १०,७९१ न्यूटन

झाले. सरळ उड्डाणात या विमानाची लिफ्ट १०,७९१ न्यूटन. वेग १०० नॉट (नॉट हे विमानाच्या वेगाचे एकक) असो की ७०, विमान समुद्रसपाटीवर असो की तीन किलोमीटरवर, या आकड्यात फरक पडत नाही. नवख्या माणसाला हे पटायला थोडा वेळ लागतो, कारण सूत्रात वेगाचा वर्ग डोळ्यासमोर दिसत असतो. वेग वाढला तर लिफ्ट वाढायलाच हवी, असे वाटते. वाढलीही असती, पण मग विमान वर चढू लागले असते. ते चढू नये म्हणून वैमानिक नाक थोडे खाली घेतो, गुणांक कमी होतो आणि गुणाकार पुन्हा तिथेच येतो.

‘सरळ आणि स्थिर’ या अटीत तीन गोष्टी येतात: उंची बदलत नाही, वेग बदलत नाही, वळण नाही. यातली एक जरी मोडली तरी लिफ्ट बरोबर वजन हे समीकरण जसेच्या तसे राहत नाही. ६० अंश कलून एकाच उंचीवर वळण घेताना लिफ्ट वजनाच्या दुप्पट लागते. चढताना मात्र गंमत होते. ५ अंशांच्या कोनात एकसारख्या वेगाने चढणाऱ्या विमानाची लिफ्ट वजनापेक्षा जास्त असेल असे वाटते, पण ती किंचित कमी असते, वजनाच्या सुमारे ९९.६ टक्के. वजनाचा थोडा भाग इंजिनाच्या रेट्याने पेललेला असतो. चढायला लागते ती जास्तीची शक्ती, आणि ती इंजिन देते.

पायरी २: वेग, पण कोणाच्या सापेक्ष?

पंखाला जमीन दिसत नाही, त्याला फक्त हवा कळते. म्हणून सूत्रातला वेग हा विमानाचा हवेच्या सापेक्ष वेग असतो. जीपीएसवर दिसणारा जमिनीवरचा वेग घातला तर उत्तर वाऱ्यावर जाते, आणि तेही अगदी शब्दशः.

याचे सगळ्यात बोलके उदाहरण पहिल्याच उड्डाणाचे. १७ डिसेंबर १९०३ रोजी ऑर्व्हिल राइटने १२ सेकंदांत १२० फूट, म्हणजे साधारण ३६ मीटर अंतर कापले. भागाकार केला तर वेग येतो सेकंदाला ३ मीटर. धावत जाणारा माणूस त्या विमानाला सहज मागे टाकेल. एवढ्या वेगाने कुठलेही विमान उडत नाही. पण त्या दिवशी समोरून सेकंदाला सुमारे १२ मीटरचा वारा होता. पंखाला जाणवलेला वेग १५ मीटरच्या आसपास, म्हणजे पाचपट. लिफ्टमध्ये वेगाचा वर्ग येत असल्यामुळे फरक पंचवीसपट.

आता एकक. विमानाचा वेग नॉटमध्ये सांगतात, आपल्याला मीटर प्रति सेकंद हवा. १ नॉट म्हणजे ०.५१४४ मीटर प्रति सेकंद. आपली सेस्ना हवेतून ११० नॉटने चालली आहे असे धरू:

११० × ०.५१४४ = ५६.६ मीटर प्रति सेकंद

पायरी ३: घनता

प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीवर तापमान १५ अंश सेल्सिअस, दाब १,०१३.२५ हेक्टोपास्कल आणि घनता १.२२५ किलोग्रॅम प्रति घनमीटर धरतात. वर जाल तशी हवा विरळ होते. १ किलोमीटरवर १.११२, २ किलोमीटरवर १.००७, ३ किलोमीटरवर ०.९०९, ५ किलोमीटरवर ०.७३६ आणि ११ किलोमीटरवर जेमतेम ०.३६४. पहिल्या सरावाला एवढे आकडे पुरतात.

खऱ्या हवेचे तापमान आणि दाब माहीत असतील तर घनता स्वतः काढलेली बरी:

घनता = दाब ÷ (२८७ × तापमान)

दाब पास्कलमध्ये (१ हेक्टोपास्कल म्हणजे १०० पास्कल) आणि तापमान केल्व्हिनमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवून. समुद्रसपाटीवर ३५ अंशांचा दिवस घ्या. १,०१,३२५ ला (२८७ × ३०८.१५) ने भागले की १.१४६ येते. १५ अंशांच्या दिवसापेक्षा साडेसहा टक्के कमी. तेच विमान, तेच वजन, पण उडायला लागणारा खरा वेग तीन टक्क्यांहून थोडा जास्त. उन्हाळ्याच्या दुपारी धावपट्टी लांब लागते, त्याचे एक कारण या भागाकारात आहे. दुसरे कारण म्हणजे विरळ हवेत इंजिनही कमी ताकद देते.

आपण विमान २ किलोमीटर उंचीवर ठेवू. घनता १.००७.

पायरी ४: क्षेत्रफळ

सेस्ना १७२ च्या पंखांचे क्षेत्रफळ १६.२ चौरस मीटर. दोन्ही पंख मिळून, आणि फक्त वरून दिसणारे. पंखाची वरची आणि खालची बाजू अशी बेरीज करू नका, तसे करणारे पुष्कळ भेटतात. पंख जिथे विमानाच्या धडाला मिळतात तो मधला झाकलेला भागही बहुधा या आकड्यात धरलेला असतो. उत्पादकाने दिलेला आकडा तसाच घ्यावा, स्वतः पट्टी लावून मोजू नये.

पायरी ५: आता गुणांक काढा

सूत्रातला पहिला तुकडा, ½ × घनता × वेग², याला गतिक दाब म्हणतात. तो वेगळा काढून ठेवायची सवय लावा, चूक पकडायला सोपे जाते.

गतिक दाब = ०.५ × १.००७ × ५६.६² = सुमारे १,६१३ पास्कल

याला क्षेत्रफळाने गुणले: १,६१३ × १६.२ = सुमारे २६,१३०

आणि गुणांक = १०,७९१ ÷ २६,१३० = ०.४१

सुरुवातीचा उसना ०.५ आणि हा ०.४१, एवढ्याच फरकामुळे तेरा हजार न्यूटनची ती लिफ्ट आली होती.

या गुणांकाला एकक नाही. पंखाचा आकार आणि तो समोरून येणाऱ्या हवेशी करत असलेला कोन, म्हणजे अँगल ऑफ अटॅक, या दोन्हींचा परिणाम या एका संख्येत आलेला असतो. कोन वाढवला की गुणांक जवळजवळ सरळ रेषेत वाढतो. अनंत लांबीच्या पातळ पंखाला दर अंशामागे साधारण ०.११ अशी वाढ मिळते. खऱ्या पंखाच्या टोकांवरून हवा वळून जाते, त्यामुळे तिथे ती कमी असते. सेस्नाच्या पंखाचे लांबी-रुंदीचे गुणोत्तर ७.३ आहे. तेवढ्यासाठी हिशेब केला तर दर अंशामागे ०.०८६ च्या आसपास येते.

हा आकडा कामाला लावू. वैमानिकाने वेग ११० वरून ६५ नॉटवर आणला, उंची तीच. ६५ नॉट म्हणजे ३३.४ मीटर प्रति सेकंद. गतिक दाब ५६२ पास्कलवर उतरतो आणि गुणांक १.१९ होतो. वेग सुमारे ४१ टक्के घटला, गुणांक मात्र जवळपास तिप्पट झाला. गुणांकातली ०.७७ ची वाढ मिळवायला कोन सुमारे ९ अंश वाढवावा लागतो. सावकाश उडणारे विमान नाक वर करून का चाललेले असते याचे उत्तर या दोन ओळींत मिळते. लिफ्ट दोन्ही वेळेला १०,७९१ न्यूटन.

गुणांक वाढवत नेण्याला मर्यादा आहे. ठरावीक कोनापुढे हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला धरून राहत नाही, ती सुटते आणि गुणांक घसरतो. तोच स्टॉल.

उत्तर हास्यास्पद आले तर

फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली उघडणाऱ्या झडपा, मिटलेले असताना सरळ उड्डाणाचा गुणांक बहुतेक विमानांत ०.२ ते दीडच्या दरम्यान असतो. तुमचा आकडा याच्या बाहेर गेला तर विमानाला दोष देण्याआधी एकके तपासा. चूक कुठे झाली हे बऱ्याचदा उत्तरच सांगते.

०.४१ ऐवजी ०.०३ आले? वेग ताशी किलोमीटरमध्ये घातलात. ३.६ चा वर्ग १२.९६, म्हणजे उत्तर तेरापट लहान. ०.११ आले तर वेग नॉटमध्येच राहिला, फरक पावणेचारपट. ०.०४ म्हणजे ९.८१ ने गुणायचे राहून गेले, किलोग्रॅमलाच बल समजलात. आणि ०.२१ आले असेल तर ½ विसरलात. ही शेवटची चूक सगळ्यात घातक, कारण ०.२१ हा आकडा दिसायला अगदी शहाणा दिसतो आणि सुटून जातो.

चुकीच्या स्थिरांकाने दमवलेले तुम्ही पहिले नाही, हेही सांगून टाकतो. राइट बंधूंच्या काळी सूत्रात घनता आणि ½ वेगळे नव्हते. त्यांच्या जागी स्मीटन गुणांक नावाची एक संख्या होती. ब्रिटिश अभियंता जॉन स्मीटन यांच्या १७५९ च्या कामावरून आलेली तिची रूढ किंमत ०.००५ होती. १९०१ च्या ग्लायडरने हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश लिफ्ट दिली, तेव्हा दोघे भाऊ हताश झाले. पुढे स्वतःच्या मोजमापांवरून त्यांनी ही किंमत ०.००३३ ठरवली. आजच्या मोजमापांशी ती छान जुळते. त्याच वर्षी स्वतःचा वायुबोगदा बांधून त्यांनी पंखांचे निरनिराळे आकारही तपासले. दीडशे वर्षे वापरातल्या आकड्यावर शंका घ्यायला धाडस लागते.

मोठ्या विमानावर तेच गणित

एअरबस ए३२० घेऊ. पंखांचे क्षेत्रफळ १२२.६ चौरस मीटर, त्या क्षणीचे वस्तुमान ६५ टन, उंची ११ किलोमीटर, वेग ध्वनीच्या ०.७८ पट. त्या उंचीवर ध्वनीचा वेग २९५ मीटर प्रति सेकंद, म्हणून विमानाचा वेग २३०.

वजन = ६५,००० × ९.८१ = ६,३७,६५० न्यूटन
गतिक दाब = ०.५ × ०.३६४ × २३०² = सुमारे ९,६२८ पास्कल
गुणांक = ६,३७,६५० ÷ (९,६२८ × १२२.६) = ०.५४

सेस्नाच्या साठपट जड विमान, चौपट वेग, आणि गुणांक मात्र शेजारचाच. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आता दुसरी तुलना करा. लिफ्टला क्षेत्रफळाने भागा, म्हणजे पंखाच्या वर आणि खाली सरासरी दाबाचा किती फरक लागतो ते कळेल. सेस्नाला ६६६ पास्कल. २ किलोमीटरवर हवेचा दाब सुमारे ७९,५०० पास्कल असतो, म्हणजे एक टक्काही फरक नाही. तेवढ्यावर चार माणसे हवेत राहतात. एअरबसला ५,२०० पास्कल लागतात आणि तिथे हवेचा एकूण दाबच २२,६०० च्या घरात असतो. जवळजवळ चौथा हिस्सा! त्या पंखाला किती राबावे लागते ते इथे कळते.

इंधन जळत जाते तसे वजन उतरते. ६५ टनांचे ६० टन झाले, उंची आणि वेग तेच ठेवले, तर गुणांक ०.५० वर येतो. पण ०.५४ हाच या पंखासाठी किफायतशीर असेल तर? मग घनता ६०/६५ पट व्हायला हवी, म्हणजे ०.३३६. त्यासाठी साधारण ५०० मीटर वर जावे लागते. लांबच्या प्रवासात विमान टप्प्याटप्प्याने वर सरकत जाते त्यामागे हाच विचार असतो.

सूत्र फिरवून वेग काढणे

गुणांकाची कमाल किंमत माहीत असेल तर ज्या वेगाखाली विमान टिकणार नाही तो वेग मिळतो:

वेग = √( २ × वजन ÷ (घनता × क्षेत्रफळ × कमाल गुणांक) )

सेस्ना १७२ एस या प्रकाराचे कमाल वस्तुमान १,१५७ किलोग्रॅम आणि फ्लॅप मिटलेले असताना स्टॉलचा वेग ५३ नॉट. यातून उलटे गेलात तर कमाल गुणांक १.५४ निघतो. फ्लॅप पूर्ण उघडल्यावर स्टॉलचा वेग ४८ नॉट, त्यातून १.८८. एकदा हे आकडे हाताने काढून पाहा, घनता १.२२५ घेऊन. आणि विमान हलके, ९०० किलोग्रॅमचे असेल तर? पूर्ण समीकरण पुन्हा मांडायची गरज नाही, वेग वजनाच्या वर्गमुळाने बदलतो: ५३ × √(९०० ÷ १,१५७) = सुमारे ४७ नॉट.

इथे १.२२५ का घेतली, असा प्रश्न पडला असेल तर तुम्ही नीट वाचत आहात. वैमानिकासमोरचे वेगदर्शक यंत्र खरा वेग मोजत नाही, ते गतिक दाब मोजते आणि हवा समुद्रसपाटीची आहे असे धरून तो नॉटमध्ये दाखवते. आपली सेस्ना २ किलोमीटरवर ११० नॉटने चालली होती तेव्हा यंत्रावर सुमारे १०० दिसत असणार. १०० नॉट आणि १.२२५ घालून बघा, गतिक दाब पुन्हा १,६०० पास्कलच्या वरच येतो. लिफ्टच्या दृष्टीने यंत्र ‘खोटे’ बोलते तेच सोयीचे आहे: कमी वेगाच्या विमानाचा दर्शनी स्टॉल वेग उंचीनुसार जवळपास बदलत नाही. नियम एकच, जोड्या मोडू नका. खरा वेग असेल तर खरी घनता घ्या. दर्शनी वेग असेल तर १.२२५. एअरबससारख्या वेगवान विमानात मात्र हवा दाबली जाते आणि दर्शनी वेगाला त्यासाठी वेगळी दुरुस्ती लागते. तिथे सरळ खऱ्या वेगावरूनच चला.

शेवटचे काही टक्के

आत्तापर्यंत सगळी लिफ्ट पंखांनी दिली असे धरले. प्रत्यक्षात बहुतेक विमानांत शेपटीचा आडवा पंख थोडा खाली दाबत असतो, नाहीतर नाक खाली जाईल. सेस्नाची शेपटी ५०० न्यूटनने खाली दाबत आहे असे समजा. मग एकूण लिफ्ट १०,७९१ ठेवण्यासाठी पंखांना ११,२९१ न्यूटन द्यावे लागतील आणि गुणांक ०.४१ चा ०.४३ होईल. सामान पुढे ठेवले की हा भार वाढतो, मागे सरकवले की कमी होतो.

दुसरी दुरुस्ती उलट दिशेची. नाक किंचित वर असल्याने इंजिनाचा रेटाही थोडा वर ओढतो. समपातळीत चालताना रेटा वजनाच्या दहाव्या भागाएवढा आणि कोन ३ अंश धरला तर वरचा घटक भरतो सुमारे ५६ न्यूटन, वजनाच्या अर्धा टक्का. सोडून दिला तरी चालतो. सावकाश, नाक १२ अंश वर करून उडताना तोच दोन टक्क्यांच्या पुढे जातो, आणि तिथे तो हिशेबात धरलेला बरा.